सोमवारपर्यंत थांबू नकोस

सोमवारपर्यंत थांबू का, असं विचारलंस. नको थांबू. डॉक्टरांनी ओमच्या गळवावर पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलंय, पण म्हणून पाच दिवस नुसतं बघत बसायचं नसतं. अँटिबायोटिक लागू पडत असेल तर साधारण ४८ तासांत काहीतरी फरक दिसतो. लाली पसरायची थांबते, ताप उतरायला लागतो, पोर जरा खेळायला लागतं. ओमचं गळू तिसऱ्या दिवशी मोठं झालंय, भोवतालची कातडी गरम आणि घट्ट लागतेय म्हणतेस. म्हणजे एक तर जंतू त्या औषधाला बधत नाहीये, नाहीतर आत पू साठलाय आणि औषध तिथवर पोचतच नाही. कधी कधी दोन्ही असतं. काहीही असलं तरी त्यावर घरी बसून उपाय नाही.

आधी बॉलपेन घे आणि लालीच्या कडेकडेने रेघ ओढ. शेजारी वेळ लिही, फोटो काढून ठेव. दवाखान्यात "खूप वाढलंय हो" असं दहांदा सांगण्यापेक्षा ती रेघ दाखवलीस की पुरे.

आता नीट ऐक. अंगात १००.४ च्या वर ताप, लाली तासातासाला रेघेबाहेर सरकणं, फोडापासून वर चढणारे लाल पट्टे, पोर मलूल होणं, दूध-पाणी तोंडात न घेणं, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. गळू डोळ्याजवळ, नाकावर किंवा ओठावर असेल तरीही नाही. ओम पाय टेकवत नसेल, लंगडत असेल किंवा मांडीला हात लावू देत नसेल तर जंतू हाडात नाहीतर सांध्यात उतरलाय का, हे त्याच रात्री बघावं लागतं. भाजल्यासारखी कातडी सुटायला लागली, हातपाय गार पडले किंवा श्वास जोरात चालला तर सरळ १०८ ला फोन कर. आणि हो, तुझ्या जावेचं बाळ दोन महिन्यांचं आहे ना? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी दवाखाना गाठायचा, फोड असो वा नसो.

यातलं काहीच नसेल तर निदान उद्या सकाळी तरी दाखवच.

जायचं ते बालरोगतज्ज्ञ असतील तिथे. रात्र असेल तर तातडीचा विभाग उघडा असलेलं हॉस्पिटल बघ, सिव्हिलसुद्धा चालेल. सध्या चाललेल्या सिरपची बाटली बरोबर घे. आपल्याकडे खोकल्याला, जुलाबाला, फोडाला, सगळ्यालाच सेफिक्झिम दिलं जातं, पण अशी गळवं बहुधा ज्या स्टॅफच्या जंतूमुळे होतात त्याच्यावर ते मुळातच कमजोर आहे. बाटली पाहिली की डॉक्टरांना पुढचं ठरवायला सोपं जातं. ओमचं वजन, आधी कुठल्या औषधाने पुरळ उठला होता का, ताप उतरायचं औषध कधी दिलं आणि त्याने शेवटचं काय, कधी खाल्लं, हे सगळं सांग. गळू उघडायला भूल द्यावी लागली तर खाण्याची वेळ विचारतात, म्हणून वाटेत त्याला बिस्किटं भरवू नकोस.

चिरा द्यायचा म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येईल, मला माहितेय. पण पू साठलेल्या गळवाला तोच मुख्य उपाय आहे. जागा बधिर करतात, पू निघाला की ठणका लगेच कमी होतो. त्या वेळी एक गोष्ट आवर्जून विचार: "डॉक्टर, पू कल्चरला पाठवणार ना?" हे विचारण्यात काही आगाऊपणा नाही. दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येतो, त्यात प्रत्येक औषधापुढे एस किंवा आर लिहिलेलं असतं. एस म्हणजे चालतं, आर म्हणजे जंतू दाद देत नाही.

त्यावर एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या औषधाला दाद न देणारा स्टॅफ, असं लिहिलेलं दिसलं तर हातपाय गाळू नकोस. अमॉक्सिसिलिन, क्लॅव्ह घातलेलं अमॉक्सिसिलिन, रोजची सेफ वाली सिरपं त्या जंतूवर चालत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. क्लिंडामायसिन आहे, को-ट्रायमोक्साझोल आहे, आजार जास्त असेल तर शिरेतून व्हँकोमायसिन आहे. यातलं कुठलं द्यायचं ते रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. हा जंतू तसा जुना खेळाडू. १९२८ मध्ये फ्लेमिंगच्या ज्या बशीत बुरशी पडली आणि पेनिसिलिन सापडलं, त्या बशीत हाच स्टॅफ वाढत होता. मेथिसिलिन १९५९ मध्ये आलं आणि १९६१ मध्ये इंग्लंडात त्यालाही न जुमानणाऱ्या स्टॅफची नोंद झाली. तेव्हा हे तुझ्या घरातल्या अस्वच्छतेमुळे झालं असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. दहातल्या तीनेक धडधाकट माणसांच्या नाकात साधा स्टॅफ मुक्कामाला असतोच. कामवाल्या मावशींवरही खापर फोडू नकोस.

सासूबाई बिबा लावू म्हणतील. प्रेमानेच म्हणतील, पण ठाम नाही म्हण. बिब्याने लहान मुलाची कातडी भाजते. चुना नको, सुईने टोचणं नको, दाबून पू काढणं तर अजिबात नको. दाबला की तो आतल्या आतही पसरतो. कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ कापडाचा शेक चालेल, पण तो दवाखान्याच्या बदली नव्हे. आणि केमिस्टकडून "तीन औषधं एकात" असलेली ट्यूब आणू नकोस. तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. लाली वरवर उतरते आणि आत काय चाललंय ते कळत नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नसतं. थोरलीच्या उरलेल्या बाटलीतलं तर मुळीच देऊ नकोस.

चिरा दिल्यावर जखम झाकलेली ठेव आणि ड्रेसिंगच्या आधी-नंतर साबणाने हात धू. ओमचा टॉवेल वेगळा, नखं कापलेली, चादर गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेली. औषध सांगितलेले सगळे दिवस द्यायचं, जखम सुकली म्हणून मध्येच सोडायचं नाही. महिना-दोन महिन्यांत पुन्हा गळू आलं, किंवा घरात आणखी कुणाला आलं, तर जुना रिपोर्ट घेऊनच जा.

आता आधी त्याचा ताप मोज आणि मला आकडा सांग. १००.४ च्या वर असेल तर भाऊजी कामावरून यायची वाट बघू नकोस, रिक्षा बोलव. मी थेट हॉस्पिटलमध्ये येते.