दामाजीपंतांचं कोठार आणि कॅन्टीनचं कंत्राट

मी मंगळवेढ्याचा. गावाचं नाव काढलं की समोरचा एकतर ज्वारीबद्दल बोलतो, नाहीतर दामाजीपंतांबद्दल. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार लोकांना खुलं केलं आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन बादशहाची रक्कम भरली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात एक व्यवहारी प्रश्न दिसतो. माल लोकांनी उचलला, तूट कोणी भरायची?

मोठ्या कारखान्यात ‘स्वतः घ्या, स्वतः पैसे भरा’ पद्धतीचं खाद्यदुकान लावताना हाच प्रश्न पहिला येतो. रॅक, फ्रीज, कॅमेरा आणि पैसे भरायला क्यूआर कोड. विक्रेता नाही, म्हणून ते रात्रपाळीलाही चालतं. साखर कारखान्यात गाळप हंगामात तिन्ही पाळ्या चालतात. पहाटे तीनला भूक लागली तर करायचं काय?

पण हे दुकान म्हणजे कॅन्टीन नव्हे. 1948 च्या कारखाना कायद्यात 250 हून जास्त कामगारांसाठी कॅन्टीनची तरतूद होती. 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात ही मर्यादा 100 आहे आणि कंत्राटी कामगारही मोजले जातात.

आता थोडं गणित. समजा 600 कामगार आहेत. रोज 240 जण सरासरी 30 रुपयांचं घेतात. विक्री झाली 7,200 रुपये, 26 दिवसांची 1,87,200. पैसे न भरता गेलेला आणि खराब झालेला माल 3 टक्के धरला तर 5,616. वर व्यवस्थापनाने 5 टक्के कमिशन मागितलं तर 9,360. एकूण 14,976 रुपये ठेकेदाराच्या डोक्यावर. तो ते कुठून काढणार? बिस्किटाच्या पुड्यावर छापील किंमत आहे, तिथे हात घालता येत नाही. मग पोह्यांची प्लेट लहान होते आणि उसळीत पाणी वाढतं. कमिशन घेतं व्यवस्थापन, भरतो कामगार!

म्हणून माझ्या मते कंत्राटात एवढं असावंच:

1) कमिशन नको. जागा आणि वीज कारखान्याने द्यावी, बदल्यात ताज्या पदार्थांचं वजन आणि दर लिहून घ्यावेत.

2) तुटीची मर्यादा ठरवावी. उदाहरणार्थ, 3 टक्क्यांपर्यंत ठेकेदाराची, त्यावरची निम्मी-निम्मी. कामगारांच्या पगारातून सरसकट कपात कदापि नाही.

3) थंड पदार्थ 5 अंशांखाली, गरम 60 च्या वर. सोलापूरच्या उन्हाळ्यात वीज गेली तर किती वेळाने माल काढून टाकायचा, हे लिहिलेलं हवं.

4) अन्नसुरक्षा परवाना ठेकेदाराच्या नावे, दर्शनी भागात लावलेला.

5) मोबाईल नसलेल्यासाठी रोख किंवा कार्डाची सोय.

6) महिन्याच्या नोटिशीवर करार संपवता यावा. पाहणीच्या समितीत कामगारही असावेत.

रॅकवर काय ठेवावं? माझं उत्तर तयार आहे: ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी. दोन्हींना फ्रीज लागत नाही आणि कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. बचत गटाकडून घेतली तर पैसा तालुक्यातच राहील.

हॉस्टेलकरांनो, मेसचा करार पुढच्या वेळी सहीला आला की कमिशन आणि तूट ही दोन कलमं आधी वाचा. ताटात काय पडणार ते तिथेच ठरतं. तूट भरायला प्रत्येक वेळी विठू महार यायचा नाही.