राणीछाप रुपया : रंगाची पारख कशी करावी?

सराफ व कारागीर बांधवांकडे राणीछाप रुपये मोडीला येतात. काळपट रुपया चिंचेने घासून चकचकीत करण्याची आपली सवय आहे. त्यात नुकसानच आहे.

हवेतील, कागदातील गंधकामुळे चांदीवर वर्षानुवर्षे पातळ थर चढतो. थर वाढेल तसा रंग पिवळसर, मग तांबूस-जांभळा, मग निळा होतो. नाणे उजेडात तिरपे फिरवावे. रंगाखालून मूळ झळाळी फिरताना दिसली व एक रंग दुसऱ्यात हळूहळू मिसळत असेल, तर तो बहुधा नैसर्गिक समजावा. रसायनाने दिलेला रंग वरवर बसतो, ताज्या ओरखड्यांतही भरतो.

दर्जा ठरवताना आधी राणीच्या केसांची व गालाची झीज पाहावी, मग झळाळी, शेवटी रंग. ७० गुणांच्या मापात ६० व पुढचे गुण न झिजलेल्या नाण्यालाच मिळतात. रंग झीज भरून काढत नाही. झळाळी झाकणारा दाट काळेपणाही मोलाचा नसतो.

११.६६ ग्रॅमच्या या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी असते. मोडीत तेवढेच दाम येतात. उत्तम, न घासलेल्या नाण्याला संग्राहक जादा देतो. घासल्याचे ओरखडे मात्र कायमचे. म्हणून आधी भिंग, मग हात. आणि रंग दिलेला असल्यास गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.