गालिच्याची पाठ का झडते?

प्रश्न : हाताने टफ्टिंग केलेल्या लोकरी गालिच्याखाली पांढरी भुकटी साचते. लोकर खराब आहे का?

उत्तर : दोष बहुधा लोकरीचा नाही, पाठीचा आहे. गाठींच्या गालिच्यात लोकर ताण्याच्या धाग्यांना बांधलेली असते. टफ्टिंगमध्ये ती कापडातून नुसती आरपार ओवलेली असते आणि तिला धरून ठेवतो तो पाठीवरचा लेटेक्सचा थर. त्यात खर्च वाचवण्यासाठी खडूची पूड मिसळतात. हवेने, उष्णतेने लेटेक्स कडक होऊन तडकला की हीच पूड गळते. मागे कापड चिकटवलेले असतेच की, असे कोणी म्हणेल. पण ते कापड मुख्यतः आकार टिकवते आणि थर झाकते. पूड घालणे म्हणजे फसवणूक, असेही नाही. बेताने घातली तर वजन आणि बैठक येते. घेताना कोपरा दुमडून पाहा; पाठ करकरली, तर तो गालिचा घेऊ नका.