काय ठोकून रायला बे?

शाळेत कुणी पेटीवाले किंवा खंजेरीवाले येऊन गेले की आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. त्या संध्याकाळी घरातले डबेच सांगतात. जेवायला बसलं की ताटावर ठेका, अभ्यासाला बसलं की कंपासपेटीवर ठेका. आपण आधीच थकलेलो असतो. कुणी वेचणीवरून आलेलं असतं, कुणी दुकान बंद करून, कुणी वरवट बकालला ताटकळून मिळेल त्या गाडीनं. मग तोंडातून निघायचं ते निघतंच, "काय ठोकून रायला बे मघापासून? पुस्तक घे!"

हे सगळ्यांच्याच घरी होतं, माझ्याही. त्याचं फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण त्या लेकरानं दिवसभरात काय पाहिलं असेल, ते जरा बघू या.

एरवी रेशनच्या रांगेत दिसणारा एक माणूस वर्गात आला, मांडीवर ढोलकी घेऊन बसला आणि सगळी पोरं गप्प झाली. गुरुजींना एकदाही ओरडावं लागलं नाही. सात वर्षांच्या मुलासाठी ही केवढी मोठी बातमी! ती सांगायला त्याच्याकडे शब्द कमी पडतात, म्हणून ते बोटांनी सांगतं. आणि आपण नेमकी बोटंच थांबवतो.

आपल्याकडे शाळेत संगीत तसं क्वचितच येतं. यात गुरुजींचा दोष नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक आहे, पण तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीच्या लेकरांसाठी वेगळा संगीत शिक्षक कायद्यानंच मागितलेला नाही. मग गणित शिकवणाऱ्या, पोषण आहाराचा हिशेब लिहिणाऱ्या त्याच बाई कविताही चालीत म्हणून घेतात. काही बाई फार गोड म्हणतात, हेही सांगायला हवं.

म्हणून बाहेरून कुणी येणं मोलाचं. १९७७ साली दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक किरण सेठ यांनी 'स्पिक मॅके' ही संस्था सुरू केली. तेव्हापासून मोठमोठे कलावंत शाळा-कॉलेजांत जाऊन मुलांसमोर बसून गातात, वाजवतात. ते आपल्या संग्रामपूर तालुक्यापर्यंत पोचतील तेव्हा पोचतील, त्यांची वाट बघत थांबायची आपल्याला तरी गरज नाही. तुकडोजी महाराजांनी खंजेरीवर अख्खा विदर्भ जागा केला. शेजारच्या अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज एकटे सात खंजेऱ्या वाजवत गावोगाव प्रबोधन करतात. शेगावची पालखी टाळ-मृदंगाच्या गजरात पंढरीला निघते, तेव्हा आपल्यातलंच कुणीतरी त्या दिंडीत असतं. सातपुड्याच्या पायथ्याला कोरकू मंडळींच्या होळीत ढोल आणि बासरी असतेच. एवढं सगळं भोवती असून आपली पोरं गॅदरिंगला मोबाइलवरचं गाणं लावून नाचतात, कारण त्या माणसांना शाळेत बोलवावं हे आपल्याला सुचतच नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलायची आहे. ज्याचे वडील लग्नसराईत बँडमध्ये किंवा डफडं वाजवायला जातात, ते पोरगं वर्गात तसं सांगत नाही. 'बाबा काय करतात?' विचारलं की 'मजुरी' म्हणतं. हे कुठून आलं, ते आपल्याला ठाऊक आहे. 'वाजवून पोट भरते का?' हे आपण घरात किती सहज बोलतो. कुणाच्या वरातीत नाचून आल्यावर वाजवणाऱ्याबद्दल कसं बोलतो, तेही मुलं ऐकतात. कोणतं वाद्य कुणी वाजवायचं आणि कुणी हातात धरायचं नाही, ही आपली जुनी वाटणी त्यांना न शिकवताच कळते.

म्हणून मला वाटतं, शाळेत आधी त्याच बापाला बोलवावं. पाहुणा म्हणून, खुर्ची देऊन. सनई किंवा ट्रम्पेटमध्ये हवा कशी फुंकतात, डफडं वाजवण्याआधी आगीवर का शेकतात (कातडं ताणलं जातं आणि आवाज कडक निघतो), हे त्यानं मुलांना दाखवावं. त्या दिवशी त्याचं पोरगं कितव्या रांगेत बसतं, तेवढं बघा.

दुसरी गोष्ट 'बेसूर' पोरांची. गॅदरिंगच्या समूहगीतात 'तू मागं उभा राह्य, नुसते ओठ हलव' असं सांगितलेली माणसं आपल्यातही आहेत. चाळिशी आली तरी ती आरतीत आवाज काढत नाहीत. खरं म्हणजे या वयात मुलांचा आवाज उंच असतो आणि त्याचा पल्ला मोजक्या सुरांचा. मोठ्या माणसानं स्वतःच्या पट्टीत सुरुवात केली की खालचे सूर लेकराला लागतच नाहीत. ते चाचपडतं आणि आपण शिक्का मारून मोकळे होतो. पट्टी चढवून बघा, काही बेसूर पोरं सुरात येतील. उरलेल्यांना वेळ लागतो. सूर धरणं वयाबरोबर सुधारतं, जशी काही पोरं लवकर बोलतात-चालतात, तसे याही बाबतीत काही जण पुढे असतात, इतकंच.

आणि आपली काळजी? ती मला कळते. स्कॉलरशिप आहे, नवोदय आहे, शेजारच्याचं पोरगं पाढे घडाघडा म्हणतं. त्यात हा टाळ कुठून आला? मग कुणीतरी सांगतं, संगीतानं गणित सुधारतं. आपल्याला हायसं वाटतं. पण ही गोष्ट पोकळ आहे. १९९३ साली कॅलिफोर्नियात कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्टचं संगीत ऐकवून कोडी घातली. ती थोडी बरी सुटली आणि पाव तासात तो परिणाम ओसरलाही. तेवढ्यावरून १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची कॅसेट द्यायला पैसे मागितले होते! आईबाप सगळीकडे सारखेच म्हणायचे.

आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात. ते मिळाले तर उत्तमच. पण तिसरीतल्या मुलाला तिथून सुरुवात करून देऊ नये. ठेका धरायला लागलेल्या मुलाला 'परीक्षेला बसायचं ना?' म्हटलं की त्याचा हात जड होतो. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव बेटा' म्हटलं की तसंच. ते मुकाट पडद्यामागे जातं आणि आपण 'घरात तर खूप बडबडते' म्हणून लाज सावरतो.

त्यापेक्षा भाकरी थापता थापता नुसतं विचारावं, "कसे वाजवत होते ते?" ते दाखवेल. चुकीचं दाखवेल, दाखवू द्यावं. डोकं दुखत असेल तर तसंही सांगावं, "आत्ता नको रे, दिवा लागल्यावर वाजव." 'बंद कर' ऐकण्यापेक्षा ते मुलाला सोपं जातं. लगेच कीबोर्ड आणायची घाई नको. कितीतरी घरांत तो कपाटावर उताणा पडलेला दिसतो. कार्तिकात पहाटे काकडा असतो, तिथं घेऊन जावं. भजनी मंडळातले बाबा हातात टाळ देतात आणि चुकलं तरी कुणी मागे वळून बघत नाही. पंधरा दिवसांनी कंटाळलं तर कंटाळू द्यावं.

शाळेपुरतं बोलायचं तर २०२४ पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणजे हा विषय आपणच मांडू शकतो. एक मोठा कार्यक्रम घेण्यापेक्षा एकच माणूस चार शनिवार येऊ दे. पहिल्या दिवशी मुलं नुसती बघतात. हात लावायचं धाडस दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला येतं.

सभेत मानधनाचा प्रश्न निघेल आणि कुणीतरी 'नारळ-शेला देऊ' म्हणेल. तेव्हा एवढं बोला, की येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. तेवढी तरी वर्गणी आपण काढू. आणि पैसे त्याच्या हातात त्याच दिवशी पडू देत, पुढच्या सभेच्या मंजुरीवर ठेवू नका.