चिरुटाचा डबा आणि वर्ध्याचा उन्हाळा

बाबू, आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल. चिरूट ओढू का, असं मला दहा जणांनी विचारलं तर दहाही जणांना मी नाहीच म्हणेन. पण तू विचारलंस ते 'ओढू का' असं नाही, 'सुरुवात कशी करू' असं. म्हणजे निर्णय झालेलाच आहे. मामांनी अमेरिकेहून आणलेलं पाकीट तुझ्या बॅगेत आहे हेही मला ठाऊक आहे. आता मी नुसतं 'नको' म्हटलं तर तू गच्चीवर जाऊन चोरून ओढशील आणि वर पित्त झालं म्हणून आईकडून लिंबू-सरबत करून घेशील. त्यापेक्षा बस जरा. तुझ्या भाऊजींना हा शौक आहे, आणि त्यांचा डबा मी सांभाळते. त्यांना ओढता येतं, सांभाळता येत नाही. त्यामुळे दोन्ही बाजू मला माहीत झाल्या आहेत.

आपल्याकडे तंबाखू म्हटलं की खर्रा. आर्वी असो, हिंगणघाट असो की देवळी, पानठेल्यासमोर पोरं पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन घासत उभी असतात. तुला ते गावंढळ वाटतं, आणि चिरूट म्हणजे कसं, रुबाब! जुन्या सिनेमातला कोट घातलेला साहेब. हे आधी डोक्यातून काढ. खर्रा खाणाऱ्याकडे नाक मुरडून चिरूट पेटवणारा माणूस मला अजिबात आवडत नाही. झाड एकच आहे. मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू भरलेला असू शकतो. आणि 'मी धूर आत घेत नाही, नुसता तोंडात फिरवतो' हे जे तू फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलंस ना, त्यानं फार काही साधत नाही. चिरुटाचा धूर अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात उतरतं, छातीपर्यंत जायची त्याला गरजच नाही. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटनं १९९८ साली चिरुटावर स्वतंत्र ग्रंथच काढला. तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुप्फुस, सगळ्यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध त्यात दाखवला आहे. हे मी एकदाच सांगते. सारखं सांगितलं की माणूस ऐकायचं सोडतो.

आता शौकाचं बोलू.

नवशिक्याची नजर थेट क्यूबावर जाते. तुझीही गेली असणार. थांब. आपल्या देशात तामिळनाडूत तिरुचिरापल्ली (म्हणजे त्रिची, इंग्रजांचं त्रिचिनापल्ली) आणि दिंडिगुल ही चिरुटाची जुनी ठाणी आहेत. इंग्रजांच्या काळात तिथला माल पार लंडनपर्यंत जायचा. शेरलॉक होम्सच्या अगदी पहिल्या कादंबरीत, १८८७ सालच्या, तो नुसती राख बघून खुनी त्रिचिनापल्ली चिरूट ओढत होता हे ओळखतो. गोदावरीच्या मुखाशी नदीतल्या बेटांवर पिकणारा 'लंका' तंबाखू तर चिरुटासाठीच नावाजलेला. पण देशी चिरूट तिखट असतो आणि आपल्यासारख्या सवय नसलेल्याला तो पहिल्याच झटक्यात चक्कर आणतो. म्हणून माझं मत असं : जमवायला त्रिचीचा ठेव, आणि चाखायचाच असेल तर डॉमिनिकन रिपब्लिकमधला सौम्य, 'कनेक्टिकट' पानाचा घे. क्यूबाचा पुढं कधीतरी बघू.

चिरुटात तीन थर असतात. आत भरणा, त्याला आवळून धरणारं एक पान, आणि वर दिसायला गुळगुळीत असं तिसरं पान. दुकानदार त्यांना फिलर, बाइंडर, रॅपर म्हणतो. वरच्या पानाचा रंग गडद म्हणजे चिरूट कडक असं समजू नकोस. कडकपणा बराचसा आतल्या भरण्यावर ठरतो. जाडी मोजायची पद्धत मजेशीर आहे, इंचाच्या ६४व्या भागात. 'रोबुस्टो' म्हणजे साधारण ५ इंच लांब आणि ५० जाडीचा, म्हणजे जवळपास २ सेंटिमीटर. तो संपायला पाऊण तास ते तास लागतो. तुझ्यासारख्याला एवढा कशाला हवा? 'पेटिट कोरोना' घे, अर्ध्या तासात आवरतो. आणि अर्धा टाकून दिला तरी कुणी दंड करत नाही.

रिकाम्या पोटी अजिबात नाही. निकोटिन डोक्यात चढतं, घाम फुटतो, मळमळतं, आणि मग माणूस भिंत धरून बसतो. पोटभर जेव. भाऊजी तर जेवणावर आणखी गोरस भंडारचा एक गोरसपाक खातात, वर काळी कॉफी. इंग्रजी पुस्तकांत चिरुटाबरोबर व्हिस्की दाखवतात. आपल्या जिल्ह्यात कित्येक दशकांची दारूबंदी आहे, तेव्हा तो प्रश्नच मिटला.

कापताना तोंडाकडच्या बंद टोकावरच्या टोपीचा अगदी कडेचा पापुद्रा कापायचा, दीड-दोन मिलिमीटर, बस. जास्त कापलंस की वरचं पान उलगडत जातं आणि तोंडात तंबाखूचा चुरा येतो. त्रिचीच्या चिरुटाची दोन्ही टोकं उघडीच असतात, तिथं कात्रीचं काम नाही. पेटवताना ज्योत टोकाला टेकवू नकोस, थोडी दूर धरून टोक फिरवत फिरवत शेकत राहा. कड सगळीकडून लाल झाली की मग पहिला झुरका. लाकडी काडी चांगली, गॅसचा लायटर चांगला. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. मिनिटाला एखादा झुरका, धूर तोंडात, गिळायचा नाही. घाईघाईनं ओढलास तर चिरूट तापतो आणि कडू होतो. संपल्यावर सिगारेटसारखा चुरगाळू नकोस, राखदाणीत ठेवून दे, आपोआप विझतो. चुरगाळला की घरभर वास सुटतो आणि आई मला फोन करते.

कुठं ओढायचा? हॉटेलात, बसस्टँडवर, दवाखान्याच्या आवारात नाही. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम २००८ साली लागू झाले ते नेमके २ ऑक्टोबरला. बापूंच्या सेवाग्रामपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या माणसानं एवढी तारीख लक्षात ठेवावी. स्वतः बापूंनी आत्मकथेत लिहून ठेवलंय की लहानपणी ते काकांच्या बिड्यांची थोटकं गोळा करून ओढत, आणि बिड्यांसाठी नोकराच्या पैशातून चोरीही केली. मोठेपणी मात्र त्यांना त्याची कधी इच्छा झाली नाही. तुझं अजून मोठेपण यायचं आहे असं मी धरून चालते. घरात लेकरं असताना तर नाहीच. गच्चीवर जा, आणि नंतर शर्ट धुवायला टाक.

आता खरा मुद्दा, जमवण्याचा. इथं माझा जीव रमतो. ओढणं अर्ध्या तासाचं, सांभाळणं बारा महिन्यांचं. आणि वर्ध्याची हवा चिरुटाची वैरी आहे.

चिरुटाला हवेत ६५ ते ७० टक्के ओलावा लागतो आणि साधारण १८ ते २१ अंश उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर आणि दुपारी हवेत ओलावा नावालाच. डब्याबाहेर ठेवलेला चिरूट चार दिवसांत वाळून तडकतो, बोटानं दाबला तर कुरकुरतो. मग जुलैत हवा उलटी फिरते, भिंती ओल्या, कपाटातल्या चपलांवर बुरशी, आणि तशीच चिरुटावर. पांढरी केसाळ बुरशी दिसली की फेकून दे, पुसून ओढू नकोस. हौशी लोक त्यासाठी 'स्पॅनिश सीडर' लाकडाची महागडी पेटी घेतात. तू आत्ताच घेऊ नकोस. पेटी आधी आठवडाभर ओलावा देऊन तयार करावी लागते आणि आपल्या उन्हाळ्यात झाकणाच्या फटीतून सगळं निघून जातं. रबराची कड असलेला प्लॅस्टिकचा हवाबंद डबा आण, नवा. लोणच्याचा रिकामा झालेला नाही! त्यात ओलावा राखणारी ६५ टक्क्यांची तयार पुडी टाक, त्याच सीडरची एखादी पट्टी आणि ओलावा मोजायचं छोटं यंत्र.

ते यंत्र खरं बोलतं का, ते आधी तपास. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घे, त्यावर थेंब थेंब पाणी टाकून ओलसर कर. पातळ करू नकोस, मिठाचा चिखल हवा. ते झाकण आणि यंत्र एका बंद पिशवीत रात्रभर ठेव. सकाळी काटा ७५वर असायला हवा. ७० दाखवत असेल तर तुझं यंत्र पाच कमी सांगतं, तेवढं मनात धरून चाल.

डबा कूलरजवळ ठेवू नकोस. तुला वाटेल थंडी मिळते. कूलर चालू असला की पाण्याचा फवारा, बंद झाला की कोरडं, दिवसातून चार वेळा हे हेलकावे. आतल्या खोलीत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेव. त्या कप्प्यात डांबरगोळ्या नकोत, जवळ अगरबत्ती नको. तंबाखू वास ओढून घेतो.

आणि कीड. वायगावची हळद आपण डब्यात भरून ठेवतो, आणि कधी कधी त्यात बारीक तपकिरी किडे निघतात, हळदकुंडांना टाचणीएवढी भोकं पडलेली असतात, आठवतं? तोच किडा चिरूट खातो. त्याचं शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. हळद, मिरची, धणे, तंबाखू, त्याला सगळं चालतं. अंडी पानातच असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि उष्णता पंचविशीच्या पुढं गेली की ती फुटायला लागतात. आपल्याकडे ती पंचविशीच्या खाली असते तरी कधी! म्हणून नवा माल आला की दुहेरी बंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढलास तर पान तडकतं. स्वयंपाकघरातल्या मसाल्यांच्या शेजारी डबा चुकूनही नको, कीड इकडून तिकडे जाते.

ओढण्यापेक्षा मला आवडतात ते चिरुटाच्या कमरेचे कागदी पट्टे आणि पेट्यांवरची चित्रं. सोनेरी उठाव, मुकुट, पदकं, बायका, जहाजं. एका वहीत चिकटवत जा. हा छंद स्वस्त आहे, त्याला कीड लागत नाही, कर्करोग होत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नुसते अडकित्ते बघितलेस तरी कळेल, पानसुपारीच्या एका साध्या हत्यारात माणसानं किती कलाकुसर ओतली. आपल्या आजीची चंची आणि चुन्याची डबी घरात आहे, ती आधी माग. मामांच्या पाकिटापेक्षा ती मोलाची.

पट्ट्यांच्या मागच्या गोष्टीही वहीत लिहून ठेव. क्यूबात चिरूट वळणाऱ्या कामगारांना काम करताना कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. १८६५पासून ही पद्धत आहे, आणि वाचणाऱ्याचा पगार कामगार आपल्या खिशातून देत. वर्तमानपत्र, कादंबऱ्या. 'मॉन्टेक्रिस्टो' हे चिरुटाचं नाव ड्युमाच्या त्या कादंबरीवरून आलं. आणखी एक : अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६२ साली क्यूबावर व्यापारबंदी लादली. सही करण्याआधी त्यांनी आपल्या माध्यम सचिवाकडून स्वतःसाठी बाराशे क्यूबन चिरूट मागवून घेतले, असं तो सचिवच पुढं सांगत असे. राजकारणी कुठलाही घे, सारखाच.

नकली मालाला मात्र फसू नकोस. काचेचं झाकण असलेली 'कोहिबा' या क्यूबन चिरुटाची पेटी कुणी स्वस्तात दाखवली की समजायचं, खोटी. कोहिबा अशी पेटी काढतच नाही. भारतात विकायच्या पाकिटावर चित्रासह धोक्याची सूचना असलीच पाहिजे. ती नसेल तर माल चोरट्या वाटेनं आलेला, बिल मिळणार नाही आणि आत काय भरलंय देव जाणे. नागपूरला गेलास तर बिल देणाऱ्या दुकानातून एकच घे, पेटी नको. जमवायचंय म्हणून ओढायचं आणि ओढायचंय म्हणून जमवायचं, असं चक्र सुरू झालं की शौक संपला, सवय लागली. भाऊजी सणासुदीला एखादा ओढतात. मी तारखा लिहून ठेवते, त्यांना माहीत आहे. तुझ्याही लिहीन.

शेवटचं, आणि हे टाळायचं नाही. महिन्यातून एकदा आरशासमोर उभा राहा, मधली तीन बोटं उभी धर आणि तोंडात घालून बघ. जात नसतील, तोंड उघडायला त्रास होत असेल, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, किंवा फोड दोन आठवड्यांत भरत नसेल, तर चिरूट त्याच दिवशी सोड आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात जा. एकटा जायला लाजत असशील तर मला सांग, मी येते बरोबर.