दिवा दिसतो, पण आपण दिसतो का?

(परिसर अभ्यास, इयत्ता चौथी)

उद्देश : उसाचा हंगाम सुरू झाला की तिन्हीसांजेनंतर गावच्या रस्त्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि पायी चालणारी मुले यांची एकच गर्दी होते. दुरून मोटारीचे दिवे दिसताच मुलास वाटते, 'मला मोटार दिसली, म्हणजे चालकासही मी दिसलो.' हा समज चुकीचा असून तोच जिवावर बेततो. तो दूर करणे हा या पाठाचा उद्देश होय.

विवेचन : अंधारास पुरते सरावण्यास डोळ्यांना सुमारे अर्धा तास लागतो, समोरून आलेला प्रखर झोत मात्र ही सवय क्षणात मोडतो. झोत निघून गेल्यावरही काही सेकंद चालकास नीट दिसत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात, तीन सेकंद धरले तरी, 50 मीटर पुढे जाते. म्हणून समोरून वाहन येताच झोत खाली करण्याचा नियम आहे; परंतु खाली केलेला झोत फार दूर पोहोचत नाही. खांबांवरील दिव्यांवरही विसंबू नये. दोन खांबांमधील काळोखात उभे असलेले मूल उजेडातून येणाऱ्या चालकास चटकन दिसत नाही.

प्रयोग : खिडक्या-दारे लावून वर्गात अंधार करावा. दूरच्या भिंतीशी एका मुलास काळी घोंगडी पांघरून व दुसऱ्यास पांढरे उपरणे घेऊन उभे करावे. शिक्षकांनी वर्गाकडून त्यांच्यावर विजेरीचा मंद प्रकाश टाकावा. नंतर त्या दोघांच्या शेजारून दुसरी विजेरी वर्गाच्या दिशेने लावावी. आधी कोण दिसेनासे झाले, हे मुलांस विचारावे. मग घोंगडीवाल्या मुलास विचारावे, "तुला आमची विजेरी दिसत होती का?" तो 'हो' म्हणेल. पाठाचे सार या एका उत्तरात आहे.

शेवटी सायकलच्या मागील लाल परावर्तकावर विजेरी धरावी. आलेला प्रकाश तो आल्या दिशेनेच परत पाठवितो, हे मुलांनी स्वतः पाहावे.

निष्कर्ष (मुलांकडून काढून घ्यावेत) : पदपथ नसल्यास रस्त्याच्या उजव्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. अंगावर पांढरे वस्त्र व हाती विजेरी असावी. वाहन निघून जाईपर्यंत रस्ता ओलांडू नये.

गृहकार्य : घरच्या बैलगाडीचा किंवा सायकलचा परावर्तक पुसून स्वच्छ करावा, नसल्यास तो बसविण्यास वडिलांस सांगावे. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी प्रत्येकाकडे याची विचारपूस अवश्य करावी. कारण हा पाठ वहीत नव्हे, रस्त्यावर उतरला पाहिजे.