मोबाईलला उंबरठा नाही



काही महिन्यांपूर्वी आमच्या हातून एक चूक घडली. धर्मग्रामातील एका भगिनीने रविवारी सायंकाळी, पुण्याला झालेल्या नातवाच्या स्नानसंस्काराचा फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्या धर्मग्रामाच्या हिशेबात मदत करतात. आम्ही फोटो पाहिला आणि त्याच्याच खाली लिहिले, ‘मागच्या महिन्याच्या पावत्या उद्या सकाळी हव्यात.’ पावत्या आल्या. फोटोबद्दल आपण एक शब्दही लिहिला नाही, हे आमच्या लक्षात आले ते मंगळवारी.

या चुकीवर विचार करताना वाटले, की हा प्रश्न आपल्या घरोघरी आहे. वेकोलिच्या खाणीतला माणूस पाळी संपवून घरी आला की साहेब खाणीवरच राहत. दुकानाचे शटर पडले की गिऱ्हाईक सकाळी येई. आता साहेब, पालक, गिऱ्हाईक, सासरची माणसे आणि चर्च, सगळे एकाच नंबरवर आहेत. आजारपणाची रजा घेऊन लग्नाला गेलेला माणूस मेव्हण्याच्या स्टेटसमध्ये हसताना दिसतो आणि तो फोटो ऑफिसात पोहोचतो. (रजा खोटी होती, हा भाग वेगळा!)

शासनालाही याची दखल घ्यावी लागली. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी शासकीय कर्मचाऱ्यांसाठी नियम काढले. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत. वैयक्तिक खात्यावर पदनाम, बोधचिन्ह, गणवेश वापरू नये. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये. आपल्यात शासकीय नोकरीत असलेल्यांनी हे नियम मुळातून वाचावेत. खाती वेगळी ठेवा, हे आम्हाला पटते. परंतु टीकेवरील बंधन घरी बसलेल्या माणसाच्याही मागे येते. म्हणजे खाती दोन झाली तरी माणूस चोवीस तास कर्मचारीच राहिला.

मग वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे वागणे हा दांभिकपणा आहे का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो, की इंग्रजी ‘पर्सन’ हा शब्द लॅटिन ‘पर्सोना’वरून आला. पर्सोना म्हणजे नाटकातला मुखवटा. आपल्या ‘व्यक्ती’ शब्दात मात्र प्रकट होणे आहे. परिचारिका रुग्णाशी एका स्वरात बोलते, स्वतःच्या लेकराशी दुसऱ्या. यात खोटे काही नाही. ज्याच्याशी जसे नाते तशी ती प्रकट होते. खोट शिरते ती एका नात्याचा उपयोग दुसऱ्यासाठी गुपचूप केला जातो तेव्हा. शोकसंदेशाच्या पाठोपाठ विम्याची योजना येते, तेव्हा दुःखी माणसाला कळते की आपण मित्र नव्हतो, गिऱ्हाईक होतो. याउलट, एखादी भगिनी ‘भिवापुरी मिरची विकायला आहे’ असे उघड लिहिते, त्यात गैर काहीच नाही. तिच्यासाठी तर हा मोबाईलच दुकान आहे. तिने व्यवसायासाठी वेगळा नंबर घेतला, तर तिच्याच घराला विसावा मिळेल.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमची एक संध्याकाळ आहे. सारे गाव दाराशी जमले आणि प्रभूने पुष्कळांना बरे केले. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच तो एकांती प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले, सगळे वाट पाहत आहेत म्हणाले. तरी तो मागे न फिरता शेजारच्या गावांकडे निघाला. लोकांवरचे प्रेम आणि लोकांच्या हाकेला तत्काळ ओ देणे, या दोन गोष्टी त्याने एक मानल्या नाहीत. फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तसे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. तोवर वरिष्ठांनीच हात आवरायचा आहे. ‘सवडीने उत्तर द्या’ असे लिहून भागत नाही. हाताखालचा माणूस ते वाचताच ताटावरून उठतो.

गटांच्या ॲडमिनना एक गोष्ट माहीत असावी. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असा निर्णय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये दिला. भीती नको, पण विम्याच्या जाहिराती तरी काढाव्यात!

आपल्या धर्मग्रामाच्या गटावर या रविवारपासून रात्री आठनंतर आमच्याकडून निरोप येणार नाही. कोणी अत्यवस्थ असेल, रक्त हवे असेल किंवा घरात मृत्यू झाला असेल, तर कोणत्याही वेळी सरळ फोन करा. हिशेबाच्या पावत्या आम्ही मिस्सानंतर कार्यालयात समक्ष मागू. त्या भगिनीच्या नातवाचा फोटो आम्ही पुन्हा मागून घेतला आहे. बाळ आजोबांवर गेले आहे.